कापसावरचे अकरा टक्के

आंतरराष्ट्रीय व्यापाराचे अर्थशास्त्र बहुधा बंदरे, जहाजे आणि परकीय चलन यांच्या भाषेत मांडले जाते, आणि त्यामुळे समुद्रापासून दूर असलेल्या गावाचा त्याच्याशी संबंध काय, असा समज सहज रूढ होतो. नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यातले ब्राह्मणपुरी हे गाव असेच समुद्रापासून लांब, तापीच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीवर वसलेले आहे. या पट्ट्यात कापूस, ऊस, केळी आणि पपई ही पिके शेजारी शेजारी घेतली जातात, आणि आयातीवरील निर्बंधांचा परिणाम यांपैकी प्रत्येक पिकावर वेगवेगळा होतो. पपई तोडल्यानंतर काही दिवसांतच विकावी लागते, परदेशातून ती स्वस्तात आणून दिल्लीच्या बाजारात ओतणे कोणालाही परवडणारे नसते, म्हणून तिला सरकारी संरक्षणाची गरज पडत नाही. तिचा नाशवंतपणा हेच तिचे संरक्षण, आणि भाव कोसळतो तेव्हा तोच तिचा शाप. साखरेवर भारताने फेब्रुवारी २०१८ पासून १०० टक्के आयातशुल्क ठेवले आहे, त्यामुळे ब्राझीलची साखर पुरुषोत्तमनगरच्या सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याच्या साखरेशी देशातल्या बाजारात स्पर्धा करू शकत नाही. कापसाचे मात्र तसे नाही. रुईची गाठ वर्षानुवर्षे टिकते, जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून कोणत्याही गिरणीपर्यंत पोचते, आणि तिच्यावरचे शुल्क गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा लावले व उठवले गेले आहे की आयात निर्बंधांचा अभ्यास करण्यासाठी यापेक्षा चांगले पीक सापडणे कठीण आहे.

आयातशुल्क म्हणजे परदेशी माल देशात येताना सीमेवर द्यावा लागणारा कर. २०२१ सालच्या केंद्रीय अर्थसंकल्पाने कापसावर ५ टक्के मूळ सीमाशुल्क आणि ५ टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर लावला. या दोहोंच्या बेरजेवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी १ टक्का, असे मिळून ते ११ टक्के झाले. त्यापूर्वी २००८ पासून कापसाची आयात शुल्कमुक्तच होती. अकरा टक्के हा आकडा शेतकऱ्याच्या दृष्टीने काय आहे, हे समजण्यासाठी व्यापाऱ्यांची मापे शेतकऱ्याच्या मापांत बदलून घ्यावी लागतात. रुईचा भाव खंडीत सांगितला जातो आणि एक खंडी म्हणजे ३५६ किलो. शेतकरी मात्र सरकीसह कापूस क्विंटलमध्ये विकतो, आणि एका क्विंटल कापसातून जिनिंगमध्ये साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. म्हणजे एका खंडीसाठी सुमारे साडेदहा क्विंटल कापूस लागतो. समजा, परदेशी रुई सर्व वाहतूकखर्चासह बंदरावर खंडीला ५५,००० रुपयांना पडते. तिच्यावर ११ टक्के शुल्क म्हणजे ६,०५० रुपये. ते साडेदहा क्विंटलांवर वाटले की क्विंटलमागे जवळजवळ पावणेसहाशे रुपये होतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने कापसाच्या हमीभावात केलेली वाढ क्विंटलला ५८९ रुपये होती. म्हणजे वर्षभराच्या चर्चेनंतर जाहीर होणाऱ्या हमीभाववाढीइतकाच फरक सीमाशुल्काची एक अधिसूचना एका दिवसात पाडू शकते.

आता उलट दिशेने हिशेब करून पाहता येतो. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये होता. साडेदहा क्विंटलांचे सुमारे ८५,००० रुपये झाले. त्यातून निघणारी जवळपास ६७० किलो सरकी किलोला ३५ रुपयांनी विकली गेली असे धरले, तर तिचे २३,५०० रुपयांच्या आसपास परत येतात आणि रुईची किंमत, जिनिंगचा खर्च न धरता, खंडीला साडेएकसष्ट हजारांच्या थोडी वर पडते. शुल्कासह आयात रुई ६१,०५० रुपयांना आणि शुल्काविना ५५,००० रुपयांना, अशी तुलना समोर आली की गिरणीमालक काय करील हे सांगावे लागत नाही. आयात माल बंदरावर उतरून, शुल्क भरून, गिरणीच्या दारापर्यंत ज्या भावाने पोचतो त्याला अर्थशास्त्रात आयात समतुल्य भाव म्हणतात, आणि देशातला भाव या पातळीच्या फार वर दीर्घकाळ राहू शकत नाही, कारण तसे झाले की आयात सुरू होते. खानदेशात खेडा खरेदीसाठी गावात येणारा व्यापारी हा शब्द वापरत नसला, तरी शेताच्या बांधावर उभा राहून तो जो भाव सांगतो त्याच्या मागे हेच गणित असते.

येथे एक गोष्ट मात्र सहसा नजरेआड होते. आयातशुल्क लावले की भाव आपोआप तितक्या टक्क्यांनी वाढतो, असे नाही. धरणाची भिंत किती उंच आहे याला महत्त्व येते ते पाणी भिंतीला टेकल्यावर; पाणी तळाशी असेल तर भिंत दहा फूट असो की शंभर, फरक पडत नाही. भारत अनेक वर्षे कापसाचा मोठा निर्यातदार होता, देशातला भाव जागतिक भावाच्या बरोबर किंवा त्याखाली असे, आणि अशा काळात आयातशुल्क हा निव्वळ कागदावरचा आकडा ठरतो. ज्या वर्षी पीक कमी येते, देशात रुईची टंचाई होते आणि भाव वर चढू लागतो, त्याच वर्षी हे शुल्क खऱ्या अर्थाने कामाला येते. आणि नेमक्या त्याच वर्षी ते काढून टाकले जाते.

२०२१-२२ चा हंगाम याचे स्पष्ट उदाहरण आहे. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ६,०२५ रुपये होता, पण बाजारात कापूस दहा हजारांच्या पुढे गेला आणि मे २०२२ पर्यंत रुईची खंडी लाखाच्या वर पोचली. गिरण्यांनी आणि वस्त्रनिर्यातदारांनी शुल्क हटवण्याची मागणी लावून धरली, आणि १४ एप्रिल २०२२ पासून ३० सप्टेंबरपर्यंत आयात शुल्कमुक्त झाली. ही मुदत पुढे ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढवण्यात आली. निर्यातीच्या बाजूनेही सरकारचा हात असाच चपळ राहिला आहे. ५ मार्च २०१२ रोजी कापसाच्या निर्यातीवर अचानक बंदी घातली गेली तेव्हा खुद्द केंद्रीय कृषिमंत्री शरद पवार यांनी तिला जाहीर विरोध केला, आणि काही दिवसांतच सरकारला माघार घ्यावी लागली. भाव पडला तर आयात रोखण्याची घाई नाही, भाव चढला तर निर्यात रोखण्याची आणि आयात उघडण्याची घाई, अशी ही एकतर्फी चाल आहे. तिचा परिणाम असा की शेतकऱ्याला वाईट वर्षाचा तोटा पूर्ण सोसावा लागतो आणि चांगल्या वर्षाचा नफा मात्र वरून छाटला जातो. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी यालाच उणे सबसिडी म्हटले, आणि जागतिक व्यापार संघटनेच्या स्थापनेपूर्वी शेतमालाचा व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावावर देशभर टीका होत असताना त्यांनी त्याचे समर्थन केले ते याच भूमिकेतून, की भारतीय शेतकऱ्याचे नुकसान परदेशी मालापेक्षा देशी निर्बंधांनी अधिक केले आहे.

ब्राह्मणपुरीच्या परिसराला या दाव्याची परीक्षा घेण्यासाठी परदेशापर्यंत जाण्याची गरज नव्हती. शहादा तालुक्याच्या उत्तरेला मध्य प्रदेशातील खेतियाची बाजारपेठ आहे आणि जिल्ह्याच्या पश्चिमेला गुजरात. १९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना लागू होती. तिच्यानुसार राज्यातल्या शेतकऱ्याने आपला कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा होता, खासगी व्यापाऱ्याला नाही आणि राज्याबाहेर तर नाहीच. योजनेमागचा हेतू शेतकऱ्याला दलालांपासून वाचवण्याचा होता आणि काही वर्षे हमी दराचा आधार तिने दिलाही. पण सीमेपलीकडे भाव जास्त निघाला की कापूस रात्री गाड्यांतून पलीकडे जाई, तपासणी नाक्यांवर तो पकडला जाई, आणि पलीकडचा भाव कमी असला की उलट दिशेने बाहेरचा कापूस महाराष्ट्राच्या केंद्रांवर येऊन पडे. २००२ नंतर खासगी खरेदीला वाट मोकळी झाली. राज्याची सीमा असो की देशाची, तिच्या दोन्ही बाजूंच्या भावांत पुरेसा फरक पडला की चोरटा व्यापार उभा राहतो आणि निर्बंध जितका कडक तितकी त्या चोरवाटेची कमाई मोठी, हा व्यापारशास्त्राचा सिद्धान्त सीमेवरच्या गावांनी पुस्तकाशिवाय अनुभवला आहे.

शुल्क हा निर्बंधाचा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार म्हणजे कोटा, अर्थात ठरावीक मर्यादेपलीकडे माल येऊच न देणे. दोन्हींनी देशातला भाव चढतो, परंतु चढलेल्या भावाचा मलिदा कोणाला मिळतो यात फरक आहे. शुल्काचे पैसे सरकारी तिजोरीत जातात. कोट्यात स्वस्त परदेशी माल आणून महाग देशी बाजारात विकण्याचा परवाना ज्याच्या हाती असतो त्याला ते मिळतात, आणि या नफ्याला कोट्याचे भाडे म्हणतात. ऑगस्ट २०१७ मध्ये तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली गेली, कारण आदल्या हंगामात विक्रमी पिकामुळे तूर हमीभावाच्या खूप खाली गेली होती. पुढे या मर्यादेतली आयात डाळ गिरण्यांना वाटून देण्यात आली. तूर उत्पादकासाठी केलेल्या उपायाचा एक भाग अशा रीतीने गिरणीच्या खात्यात जमा झाला. मे २०२१ मध्ये तुरीची आयात पुन्हा खुली झाली. स्वातंत्र्यानंतर चार दशके भारताने कोटा आणि परवाना हेच मुख्य हत्यार वापरले. परकीय चलनाच्या टंचाईचे कारण देऊन हे निर्बंध चालू ठेवण्यास अमेरिकेने १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आव्हान दिले, १९९९ मध्ये निकाल भारताविरुद्ध गेला, आणि उरलेल्या १,४२९ वस्तूंवरचे संख्यात्मक निर्बंध दोन हप्त्यांत, १ एप्रिल २००० आणि १ एप्रिल २००१ रोजी, उठवावे लागले. तेव्हापासून शेतमालाचा बचाव प्रामुख्याने शुल्कावर आहे. या शुल्कालाही वरची मर्यादा असते, तिला बांधील दर म्हणतात. भारताने प्राथमिक शेतमालासाठी ती साधारण १०० टक्के ठेवून घेतली आहे. कापसावरचे ११ टक्के या मर्यादेच्या पुष्कळ खाली आहेत, त्यामुळे शुल्क वाढवण्यात किंवा कमी करण्यात जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेची आडकाठी नाही. निर्णय दिल्लीचाच असतो.

संरक्षण कोणाला द्यावे, हा वादही येथे नवा नाही. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि खानदेश, वऱ्हाड व गुजरातच्या कापसाला न भूतो असा भाव आला. युद्ध संपताच तो कोसळला. पुढे लँकेशायरच्याच दबावाखाली भारतात येणाऱ्या इंग्रजी कापडावरचे शुल्क १८८२ मध्ये रद्द झाले. पुन्हा लागू झाल्यावर १८९६ मध्ये ते साडेतीन टक्क्यांवर ठेवले गेले, तेव्हा मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावरही तितकाच अबकारी कर बसवण्यात आला, जेणेकरून देशी मालाला कणभरही लाभ मिळू नये. हा कर जायला १९२६ उजाडले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात खुल्या व्यापाराचा इंग्रजी सिद्धान्त सर्व देशांना सरसकट लागू होत नाही असे मांडले, ते जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिश लिस्ट यांच्या विचाराशी जुळणारे होते: नवा उद्योग आपल्या पायांवर उभा राहीपर्यंत त्याला आडोसा हवा. रानड्यांच्या विवेचनात आडोसा मिळणार होता तो कारखान्याला. कच्चा माल पिकवणाऱ्याला आडोसा द्यायचा, तर तो त्याच कारखान्याच्या खिशातून द्यावा लागतो, हा पेच त्यांच्या काळी अजून पुढे आलेला नव्हता.

आज तो पेच एकाच घरात दिसतो. शहादा तालुक्यात लोकनायक जयप्रकाश नारायण शेतकरी सहकारी सूतगिरणी आहे. अशा सहकारी गिरणीचा सभासद बहुधा स्वतःच कापूस पिकवणारा असतो. कापूस महाग झाला तर शेतात त्याचा फायदा आणि गिरणीत भागधारक म्हणून तोटा, स्वस्त झाला तर उलट. येथे प्रभावी संरक्षण ही संकल्पना उपयोगी पडते. समजा, जागतिक बाजारात १०० रुपयांच्या सुतात ६५ रुपयांचा कापूस असतो, म्हणजे गिरणीने भर घातलेली किंमत ३५ रुपये. सुतावर ५ टक्के आणि कापसावर ११ टक्के शुल्क असेल, तर देशात सूत १०५ रुपयांना विकले जाते, पण कापसाला ७२ रुपये १५ पैसे मोजावे लागतात, आणि गिरणीकडे मजुरी, वीज व व्याज यांसाठी उरतात ३२ रुपये ८५ पैसे. सुतावर संरक्षण आहे असे कागदावर दिसते, प्रत्यक्षात गिरणीची भर सहा टक्क्यांनी घटली. निर्यातीच्या सुताचे आणखी वाईट, कारण परदेशी गिऱ्हाईक जागतिक भावापेक्षा एक पैसाही जास्त देत नाही. १९३६ मध्ये अबा लर्नर या अर्थशास्त्रज्ञाने हेच व्यापक रूपात सिद्ध केले होते, की सर्व आयातीवर बसवलेला कर शेवटी निर्यातीवरच्या करासारखा वागतो. म्हणून गिरणीमालकांच्या तक्रारीला केवळ लोभ म्हणून झटकून टाकता येत नाही.

तरीही तक्रारीचे दुसरे टोक तितकेच खरे आहे. ज्या जागतिक भावाशी गिरण्या तुलना करतात तो भाव स्वच्छ नाही. अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि तो जिंकला. २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन तो मिटवला. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकी देशांची अशीच तक्रार २००३ पासून अनुत्तरित आहे. शिवाय डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये मांडलेला तुलनात्मक लाभाचा सिद्धान्त, म्हणजे प्रत्येक देशाने जे तुलनेने कमी खर्चात पिकवता येते ते पिकवावे आणि उरलेले व्यापारातून घ्यावे, दोन्ही देशांतल्या शेतकऱ्याला आपापली उत्तम साधने वापरण्याची मोकळीक गृहीत धरतो. भारताचे कापसाचे सरासरी उत्पादन हेक्टरी साडेचारशे किलो रुईच्या आसपास घुटमळते आणि ब्राझीलचे त्याच्या सुमारे चौपट आहे. त्यात पावसाचा, जमिनीच्या धारणेचा आणि सिंचनाचा वाटा आहेच. पण २००६ नंतर भारतात कापसाचा एकही नवा जनुकीय गुणधर्म व्यापक वापरात आलेला नाही, आणि अळीला रोखणारा जुना गुणधर्म गुलाबी बोंडअळीने निकामी केला आहे. तणनाशक सहन करणारे जे बियाणे इथे पेरणे बेकायदा आहे, त्याच बियाण्यापासून पिकलेली रुई परदेशातून आणणे मात्र कायदेशीर आहे. ही विसंगती कोणत्याही शुल्काच्या दराने भरून निघत नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये या सगळ्या ताणांची एकदम गाठ पडली. अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क २७ ऑगस्टपासून ५० टक्क्यांवर नेले, वस्त्रनिर्यातदारांपुढे मागण्या रद्द होण्याचे संकट उभे राहिले, आणि त्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून केंद्राने कापसावरचे ११ टक्के शुल्क १९ ऑगस्टपासून ३० सप्टेंबरपर्यंत उठवले. २८ ऑगस्टला ही सवलत ३१ डिसेंबरपर्यंत लांबवण्यात आली. निर्यातदाराला मदत करण्याचे इतरही मार्ग होते, व्याजात सूट होती, थेट अनुदान होते. त्यांचा खर्च सरकारच्या अंदाजपत्रकात दिसला असता. शुल्कमाफीचा खर्च मात्र कापूस उत्पादकाच्या पट्टीवर पडतो आणि कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. बागायती कपाशीची वेचणी खानदेशात सप्टेंबरमध्ये सुरू होते आणि कोरडवाहूची दिवाळीच्या मागेपुढे. म्हणजे मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये ११ टक्के शुल्क गृहीत धरून लावलेले पीक शून्य टक्क्यांच्या बाजारात विकण्याची वेळ आली.

हमीभाव आहे, तो मिळतोच, असे उत्तर यावर दिले जाते. भारतीय कपास निगम बाजारभाव पडला की खरेदीला उतरते, पण त्यासाठी ॲपवर नोंदणी हवी, कापसातला ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा, आणि ज्याला रब्बीच्या बियाण्यासाठी किंवा उसनवारी फेडण्यासाठी आठवड्यात पैसे हवेत तो गावात आलेल्या व्यापाऱ्यालाच कापूस घालतो. ज्यांच्याकडून निगम खरेदी करते त्यांचा फरक करदाता भरतो. शुल्क असते तेव्हा तो गिरणी भरते. दोन्ही नसतात तेव्हा शेतकरी भरतो. आयात निर्बंधांचे अर्थशास्त्र शेवटी याच प्रश्नाशी येऊन ठेपते, आणि त्याचे एकच शास्त्रीय उत्तर नसले तरी एक व्यावहारिक उत्तर आहे: शुल्क ११ टक्के असो, ५ असो की शून्य, ते कपाशी लावण्यापूर्वी जाहीर व्हावे आणि तो कापूस विकला जाईपर्यंत बदलू नये. तेवढी निश्चिती मिळाली तर शेतकरी कपाशीऐवजी मका किंवा पपई लावण्याचा निर्णय तरी वेळेवर घेऊ शकतो. सध्याच्या कायद्यात तशी तरतूद नाही. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम २५ नुसार केंद्र सरकार लोकहितासाठी कोणत्याही मालाला शुल्कातून सूट देऊ शकते, आणि अन्यथा नमूद केले नसेल तर ती अधिसूचना निघाल्याच्या दिवसापासून लागू होते.